समेवर येण्याचे स्वातंत्र्य

१९३०च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ टागोर आणि अल्बर्ट आइन्स्टाइन जर्मनीत एकाहून अधिक वेळा भेटले. माणूस नसला तरी सत्य असते का, हा आइन्स्टाइन यांच्या कापुथच्या घरी झालेला वाद पुढे खूप गाजला. मला अधिक ओढ आहे ती त्यानंतरच्या बर्लिनमधल्या छोट्या संवादाची. १९३१मध्ये तो ‘एशिया’ मासिकात आला. अणूंपासून निघालेले हे बोलणे टेबलावरच्या एका लाल फुलापाशी थांबते. त्या वाटेवर जे घडते, त्यातच त्याचा रस आहे.

आरंभ टागोर करतात. अतिसूक्ष्म अणूंच्या जगात यदृच्छेला वाव आहे असे नवे गणित सांगते. म्हणजे अस्तित्वाचे नाट्य सगळेच आधी ठरलेले नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या स्वरात उत्साह आहे, आणि तो साहजिक आहे. मॅक्स बॉर्न यांनी पुंजभौतिकीत संभाव्यता आणली ती १९२६मध्ये, हायझेनबर्ग यांचे अनिश्चिततेचे तत्त्व १९२७चे. आइन्स्टाइन शांतपणे सांगतात, यामुळे कार्यकारणभाव निकालात निघत नाही. या शांतपणामागे जुना सल आहे. अणूतून प्रकाश कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेने बाहेर पडेल हे यदृच्छेवर सोडणारी मांडणी १९१६-१७मध्ये त्यांनी स्वतःच केली होती आणि ती त्यांना कायम अपुरी वाटत राहिली.

मग येतो ढग. आइन्स्टाइन म्हणतात, दुरून तो एकसंध दिसतो. जवळ जावे तर पाण्याचे विस्कळीत थेंब. किती नेमकी प्रतिमा! अणूंचेही तसेच: कार्बन-१४चा एखादा अणू आत्ता फुटेल की हजारो वर्षांनी, हे कोणालाच सांगता येत नाही. पण ढीगभर अणू घेतले तर सुमारे ५,७३० वर्षांत त्यांतले निम्मे फुटलेले असतात. टागोर ती प्रतिमा लगेच माणसाकडे वळवतात: वासना बेबंद असतात, चारित्र्य त्यांना एका सुरात आणते. इथे मी दर वेळी थबकतो. ढगाचा एकसंधपणा थेंबांच्या संख्येतून आपोआप येतो. चारित्र्य तसे येत नाही, ते घडवावे लागते. टागोरांनी उपमा पुढे नेली आणि नकळत मूळ प्रश्नच बदलला.

आपल्या प्रत्येक कृतीला कारण असतेच, मात्र ते आरपार दिसत नाही हे बरेच आहे, असे आइन्स्टाइन म्हणतात. त्यावर टागोर युक्तिवाद करत नाहीत, ते संगीताकडे वळतात. भारतीय संगीतकार चौकट आखून देतो आणि गाणारा त्या चौकटीत आपले गाणे घडवतो, हे ते समजावतात. वाचताना हे विषयांतर वाटते. माझ्या मते तेच त्यांचे उत्तर आहे.

कारण यदृच्छा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. फासे पडले म्हणून माझा हात उचलला गेला, तर ती कृती माझी कशी? पुढच्या प्रयोगांनीही हे बदलले नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४मध्ये मांडलेल्या प्रमेयाच्या कसोट्या पुढे प्रयोगशाळांत झाल्या. अॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना त्या कामासाठी २०२२चे नोबेल मिळाले. कणांनी सगळी उत्तरे आधीच सोबत बाळगलेली असतात आणि दूरच्या मोजणीचा त्यांवर परिणाम होत नाही, हे साधे चित्र त्यांत टिकले नाही. तरीही त्यातून माणसाची इच्छा स्वतंत्र ठरत नाही. अणूतल्या अनिश्चिततेने नियतीच्या भिंतीला भगदाड पाडले असेलही, पण त्यातून आत येतो तो निव्वळ योगायोग.

आता टागोरांच्या संगीताकडे परत वळू. भूप राग गाणाऱ्याला मध्यम आणि निषाद वर्ज्य. ताल ठरलेला, सम कुठे पडणार हे श्रोत्यालाही ठाऊक. तरी गायक समेवर कसा येणार, या उत्कंठेने मैफल श्वास रोखून बसते. तो चुकून तिथे पोहोचला तर ती कला नव्हे. ठरल्याप्रमाणेच पोहोचला तर दाद कशाची द्यायची? त्या जागेमागे वर्षानुवर्षांचा रियाझ असतो, गुरूची तालीम असते, म्हणजे कारणे असतातच. तरी ती जागा त्याचीच असते. कारण नसण्यात नव्हे, तर कारणे आपलीशी करण्यात स्वातंत्र्य असते, हे मला या संवादाने दाखवले.

आणि आइन्स्टाइन? ते स्वतः व्हायोलिन वाजवत. अशी मोकळीक बळकट परंपरा असेल तरच शक्य, हे त्यांनी चटकन ओळखले, आणि मग ते एकेक प्रश्न विचारत राहिले. कार्यकारणभाव त्यांनी सोडला नाही, टागोरांनीही आपला सूर सोडला नाही. अखेरीस आइन्स्टाइन समोरचे लाल फूल दाखवतात: ते आपल्या दोघांना सारखेच दिसत असेल असे नाही. तरीही आपल्यात समन्वय चालूच असतो, असे टागोर उत्तरतात. दोघांची मते शेवटी वेगळीच राहिली, पण फूल दोघांच्या मधोमध होते.