पॉझ कुणाचा?

विनोदी नट वाक्य टाकतो आणि थांबतो. त्या थांबण्याला नाटकवाले ‘पॉझ’ म्हणतात. तो किती लांबवायचा हे समोरून येणारा हशा ठरवतो. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते वाहून जातं, पूर्ण विरल्यावर टाकलं तर प्रसंग बसतो. उतरणीला लागलेला हशा हेरून नेमका त्या क्षणी तोंड उघडतो तो खरा विनोदी नट. टेलिव्हिजनवरच्या प्रहसनांचा पन्नास वर्षांचा प्रवास मला याच जागेवरून तपासावासा वाटतो. हा पॉझ आधी कुणाच्या हातात होता आणि आज कुणाच्या हातात आहे?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. संध्याकाळचे मोजके तास, कृष्णधवल चित्र, मध्येच झळकणारी ‘व्यत्यय’ची पाटी आणि एका संचासमोर दाटीवाटीनं बसलेली अर्धी चाळ. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे वरळीच्या केंद्राचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. त्या काळात विनायक चासकर यांनी निर्माण केलेल्या ‘गजरा’नं मराठी प्रेक्षकाला छोट्या प्रहसनांची गोडी लावली. याकुब सईद आणि बबन प्रभू यांचा ‘हास परिहास’ही तेव्हाचाच. ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ लिहिणारे बबन प्रभू फार्सचं गणित कोळून प्यायलेले होते. दारं, गैरसमज, चुकीच्या वेळी आत येणारा माणूस ही रंगमंचावरची धावपळ छोट्या चौकटीत मावणारी नव्हती. तिथे चेहरा आणि शब्द यांवरच काम भागवावं लागलं आणि त्यातूनच टेलिव्हिजनच्या विनोदाला स्वतःचा सूर सापडला.

‘गजरा’ म्हटलं की मला किशोर प्रधान आधी आठवतात. सज्जन, सुशिक्षित, किंचित गांगरलेला शहरी माणूस त्यांच्यासारखा क्वचितच कुणी उभा केला असेल. आवाज न चढवता, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन, मग डोळ्यांत हळूहळू उमटत जाणारा गोंधळ हे त्यांचं भांडवल. ‘गजरा’नंच घराघरांत पोहोचलेल्या दया डोंगरे यांच्याकडे याच्या नेमकं उलटं शस्त्र होतं. शब्दांची धार आणि ठसका इतका पक्का की समोरच्या नटानं नुसतं गप्प राहिलं तरी प्रसंग रंगावा. पडद्यावर हसणारा चेहरा कुणाचाच नसे. हसायचं काम आमच्याकडे, घरात बसलेल्यांकडे होतं. चालू चित्रीकरण थांबवून पुन्हा जोडणं तेव्हा किचकट असल्यामुळे तालीम पक्की करूनच नट कॅमेऱ्यासमोर उभे राहत. म्हणजे पॉझ नटाचा होता आणि तो त्यानं अंदाजानं, न दिसणाऱ्या प्रेक्षकाच्या भरवशावर घ्यायचा होता. हे फार कठीण काम आहे.

ते साधलं याचं कारण त्या मंडळींच्या पाठीशी असलेली तयारी. लोकनाट्यात गण-गौळणीनंतर वगाच्या आधी येणारी बतावणी म्हणजे दोन-तीन नटांचं, एका कल्पनेवर उभं असलेलं, हजरजबाबीपणावर चालणारं प्रहसनच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी हीच हजरजबाबी परंपरा शहरी नाट्यगृहात आणून गाजवली. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी केवळ आवाजावर एक घर उभं केलं होतं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनातून गावोगावच्या श्रोत्यांना थांबायला आणि वाट पाहायला शिकवत होते. आणि या सगळ्यांच्या वर पु. ल. देशपांडे. दिल्लीत १९५९ मध्ये टेलिव्हिजन सुरू झाला त्या आरंभकाळात ते तिथे निर्माते होते, बीबीसीत त्यांनी प्रशिक्षणही घेतलं होतं. त्यांची ‘वाऱ्यावरची वरात’ रचनेनं पाहिली तर चक्क एक व्हरायटी शोच आहे: गाणी, निवेदन, सुटी प्रहसनं आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं एक व्यक्तिमत्त्व. दूरदर्शनसाठी झालेलं तिचं चित्रीकरण आजही लोक आवडीनं पाहतात.

‘चिमणराव’ ही मालिका असली तरी तिचा उल्लेख टाळता येणार नाही. चिं. वि. जोशींच्या कथांवरून विजया जोगळेकर-धुमाळे यांनी ती दूरदर्शनवर आणली. दिलीप प्रभावळकरांचा बुजरा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा आडदांड गुंड्याभाऊ ही जोडी मराठी टेलिव्हिजनच्या विनोदाचा मापदंड ठरली. चिमणरावाचा विनोद तो बोलतो त्यापेक्षा बोलायला घाबरतो त्यात जास्त आहे. त्या घाबरण्याला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ तेव्हा मिळाला. दोन दशकांहून अधिक काळानंतर, २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये प्रभावळकर आबा होऊन आले, तेव्हाही त्यांची ही थांबण्याची ताकद तशीच शाबूत होती.

सातासमुद्रापलीकडे प्रहसनांचा हा प्रकार टेलिव्हिजनच्या बालपणापासूनच बहरला होता. अमेरिकेत १९५० ते १९५४ या काळात ‘युवर शो ऑफ शोज’ हा दीड तासाचा कार्यक्रम शनिवारी रात्री थेट प्रक्षेपित होई. सिड सीझर आणि इमोजीन कोका पडद्यावर, तर मेल टोल्किन, लुसिल कॅलन, मेल ब्रूक्स आणि नील सायमन लेखकांच्या खोलीत. पण पॉझ म्हणजे काय हे ज्याला डोळ्यांनी पाहायचं असेल त्यानं ‘द कॅरोल बर्नेट शो’ पाहावा. सीबीएसवर १९६७ ते १९७८ अशी अकरा वर्षं तो चालला. दर शुक्रवारी प्रेक्षकांसमोर त्याचे दोन प्रयोग होत, दोन्ही चित्रित होत आणि त्यांतला उत्तम भाग निवडून प्रक्षेपित केला जाई. टिम कॉनवे पहिला प्रयोग लिहिल्याबरहुकूम करी आणि दुसऱ्यात, आपल्याकडच्या नाटकवाल्यांच्या भाषेत, ‘ॲडिशन’ घेई.

त्यांचं दंतवैद्याचं प्रहसन १९६९ सालचं. कॉनवे नुकताच शिकून बाहेर पडलेला डॉक्टर, हार्वे कोरमन त्याचा पहिला रुग्ण. दात काढण्यापूर्वी बधिर करण्याचं इंजेक्शन डॉक्टर चुकून स्वतःच्याच हातात टोचून घेतो. हात लुळा पडतो. मग तशाच चुकीनं पाय. या सगळ्यात शब्द जवळपास नाहीतच. लोंबकळणारा हात, त्याच्याकडे पाहणारा कॉनवे आणि खुर्चीत अडकलेला कोरमन एवढाच ऐवज आहे. कोरमनला हसू आवरत नाही. तो तोंड झाकतो, खांदे हलू लागतात, पण तो भूमिका सोडत नाही, निदान न सोडण्याची शर्थ करतो. त्या धडपडीमुळे हशा दुप्पट होतो. कॉनवे घाई करत नाही. हात लुळा पडला हे आपल्याला कळलं, हे रुग्णाला कळलं, डॉक्टरला कळलं, या तिन्ही पायऱ्यांना तो वेगवेगळा वेळ देतो. कॅमेराही त्या दोघांना धरून राहतो. प्रेक्षकांचा हशा ऐकू येतो, प्रेक्षक दिसत नाहीत.

याच कार्यक्रमानं १९७६ मध्ये ‘गॉन विथ द विंड’चं विडंबन केलं. मूळ चित्रपटात नायिका पडद्याच्या कापडाचा पोशाख शिवून घेते. इथे वेशभूषाकार बॉब मॅकी यांनी पडद्याचा दांडाच पोशाखात ठेवला आणि खांद्यांवर आडवा दांडा घेऊन बर्नेट जिन्यावर अवतरली. तो पोशाख आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. इथला विनोद वेशभूषाकाराला सुचला आणि संहितेनं त्याला जागा दिली. जिन्यावर ती उभी राहते तेव्हा हशा थांबेपर्यंत तिला काही न करता उभं राहावं लागतं आणि ती उभी राहते.

बीबीसीवरचे एरिक मोरकम आणि अर्नी वाईज यांच्याकडून एक वेगळी गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांच्याकडे मोठमोठे पाहुणे येत, पण त्यांना प्रहसनात उतरून काम करावं लागे. १९७१ च्या नाताळ कार्यक्रमात वाद्यवृंदसंचालक आंद्रे प्रेव्हिन आले. त्यांनी संपूर्ण प्रवेश कमालीच्या गंभीर चेहऱ्यानं केला आणि मोरकमच्या प्रत्येक वाक्याला नेमका टेकू देणारी शांतता पुरवली. वृत्तनिवेदिका अँजेला रिपन १९७६ मध्ये बातम्यांच्या टेबलामागून उठून नाचली. पाहुणा कार्यक्रमाचा मिंधा झाला की कार्यक्रमाची पत वाढते. त्यांचे लेखक एडी ब्रेबन यांना हे पक्कं ठाऊक होतं.

आता आपल्याकडे येतो. ‘फू बाई फू’नं प्रहसनाला स्पर्धेचं रूप दिलं, परीक्षक आणले. २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ आला आणि सुमारे दहा वर्षं त्यानं मराठी घरं भरून टाकली. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे यांचा संच ताकदीचा होता. भाऊ कदमांचा निर्विकार चेहरा हा किशोर प्रधानांच्या गोंधळलेल्या चेहऱ्याचा थेट वारसदार आहे असं मी मानतो. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचत ती पत्रं ही या कार्यक्रमाची सर्वांत मोलाची भर. पोट धरून हसवल्यावर अचानक डोळ्यांत पाणी आणायचं, हे व्हरायटी शोचं जुनं कसब त्यांनी अस्सल मराठी मातीत रुजवलं. पण शाहरुख खान, सलमान खान यांच्यासारखे तारे आले, मराठी चित्रपटांचे चमू तर आठवड्यामागून आठवडे आले, आणि पाहुणा बहुतेक वेळा कोचावर बसून हसला. प्रेव्हिनसारखं काम त्याच्याकडून क्वचितच मागितलं गेलं. प्रहसन त्याच्या चित्रपटाच्या जाहिरातीच्या दावणीला बांधलं गेलं. साडी नेसलेला पुरुष ही बतावणीतली जुनी गंमत आहे, पण दर भागात तीच वापरली की लेखकाची मेहनत वाचते आणि विनोद आळसावतो. नटाच्या देहावर आणि रंगावर होणारे विनोदही मला खटकत आले.

सोनी मराठीवर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लेखनाच्या बाबतीत यापेक्षा सरस आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी लेखकांची आणि नटांची एक खरी शाळा उभी केली. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी, नम्रता संभेरावची लॉली, प्रसाद खांडेकरांचं नट-लेखक म्हणून दुहेरी काम, वनिता खरातचा बिनधास्तपणा यांतलं काहीही जुन्या काळापेक्षा कमी नाही. एका बाबतीत तर आजचा काळ निःसंशय पुढे आहे. दूरदर्शनच्या दिवसांतल्या विनोदाचं जग बरंचसं दादर-गिरगाव-सदाशिव पेठेच्या पांढरपेशा वस्तीतलं होतं. आज गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणून ताठ मानेनं उभा राहतो, प्रभाकर मोरे कोकणची बोली घेऊन येतात, भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी घरोघरी पोहोचवली. यांच्या बोलीला आणि वस्तीला आता घरच्या माणसाचा मान आहे. जुन्याच्या प्रेमापोटी हे नाकारणं अन्याय होईल.

मग दुखतं कुठे? पॉझपाशी. नट वाक्य टाकतो, थांबतो आणि त्याच क्षणी कॅमेरा परीक्षकांच्या खुर्च्यांकडे वळतो. सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक हसतात. त्यांच्या हसण्याच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण मी ज्या चेहऱ्याकडे पाहत होतो तो माझ्या डोळ्यांसमोरून काढून घेतला गेलेला असतो. चौघुले वाक्यानंतर डोळ्यांनी काय करतात, समोरची नटी ते कसं झेलते, हे मला दिसतच नाही. कॅमेरा परत येतो तेव्हा पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. पार्श्वसंगीताचा ठोका वर आदळतो तो वेगळाच. हा पॉझ नटाच्या हातून सुटून संकलकाकडे गेला आणि आता हसायचं केव्हा हे मला दाखवून दिलं जातं. कोरमनचे हलणारे खांदे पाहायच्या ऐवजी कॅमेरा प्रेक्षकांवर गेला असता तर त्या दंतवैद्याचं नावही आज कुणाला आठवलं नसतं.

याला कामाचा बोजाही कारणीभूत आहे. भागांमागून भाग द्यायचे, प्रत्येकात अनेक प्रहसनं, तर तालमीला वेळ उरणार किती? कच्च्या राहिलेल्या जागा हसऱ्या चेहऱ्यांनी बुजवल्या जातात.

इंटरनेटवरच्या भारतीय डिजिटल पार्टीच्या मंडळींनी परीक्षकही काढले आणि हशाही काढला. रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांच्या आई-मुलाच्या भागांत शांततेला पुन्हा जागा मिळाली, आणि ती किती परिणामकारक असते हेही दिसलं. तिथला धोका निराळा. पाहणाऱ्याचा अंगठा काचेवर असतो, चार क्षण काही घडलं नाही की तो पुढे सरकवतो. त्या धास्तीनं आखूड होत चाललेले तुकडे मी पाहतो आहे.

आणखी एका गोष्टीची मला मनापासून चिंता आहे. चित्रफिती महाग होत्या म्हणून बीबीसीनं पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’चे कितीतरी भाग पुसून त्यांवर दुसरं काही चित्रित केलं. दूरदर्शनच्या कितीतरी जुन्या कार्यक्रमांचंही असंच झालं आणि त्यामुळे ‘गजरा’च्या पिढीचं कर्तृत्व आज बरंचसं आठवणींच्या आधारावर सांगावं लागतं. आजची प्रहसनं पुसली जात नाहीत, पण त्यांचे तुकडे सर्वत्र फिरतात आणि लेखकाचं नाव वाटेत गळून पडतं. नटाचं नाव मुलांनाही पाठ असतं. ते वाक्य कुणी लिहिलं हे वाहिनीनं प्रत्येक तुकड्यावर ठळक अक्षरांत द्यायला हवं, आणि संपूर्ण प्रहसनं संहितेसह जपून ठेवायला हवीत.

आणि ‘हास्यजत्रे’च्या चमूकडे एक मागणं. महिन्यातून एक भाग तरी कमी प्रहसनांचा करावा. दोन आठवडे तालीम, समोर खरे प्रेक्षक, परीक्षकांच्या खुर्च्या कॅमेऱ्याबाहेर, ठोके बंद, आणि प्रवेश संपेपर्यंत चौकट नटांवरच. चौघुले, संभेराव, खांडेकर यांच्यापैकी प्रत्येकात तो पॉझ पेलण्याची ताकद आहे आणि मराठी प्रेक्षक त्यासाठी थांबायला तयार आहे.