पाखरांच्या उंचीवरून

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें भिवंडीच्या खाडीकांठीं काढलेलीं चाळीस छायाचित्रें पाहण्याचा योग आम्हांला परवां आला. चित्रें आहेत ओहोटीच्या चिखलांत टिपत फिरणाऱ्या बारीक पाखरांचीं : चिखल्या, तुतारी, आणि सर्वांत लहान असा छोटा टिलवा, ज्याला इंग्रज लोक लिट्ल स्टिंट म्हणतात. भिवंडी म्हटली कीं यंत्रमागांचा खडखडाट आणि गुदामांच्या रांगा एवढेंच डोळ्यांपुढें येतें. उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशांत अंडीं घालणारें हें चिमणीएवढें पाखरूं आपल्या कामवारीच्या मुखाशीं हिवाळा काढतें, ही गोष्ट ह्या गांवांत पंचवीस वर्षें राहूनहि आम्हांला ठाऊक नव्हती. ती ह्या चित्रांनीं दाखविली, हें त्यांचें पहिलें उपकार.

हीं बहुतेक चित्रें चिखलाला पोट टेकून काढलेलीं आहेत. कॅमेरा एका उथळ, कढईसारख्या थाळींत बसवावयाचा, ती थाळी चिखलावरून इंच-इंच पुढें सरकवावयाची, आणि आपण तिच्या मागोमाग सरपटावयाचें, अशी ही रीत आहे. पाखरूं टिपण्याकरितां माणसानें आपलें माणूसपण लपवावें हें कांहीं नवें नाहीं. इंग्लंडांतील कीअर्टन बंधु १९०० च्या सुमारास एका पोकळ बैलाच्या पोटांत शिरून पक्ष्यांचीं छायाचित्रें घेत असत. पण तेथें हेतु केवळ दडण्याचा होता. येथें दडण्यापेक्षां उंची सोडण्याला अधिक महत्त्व आहे, आणि आमच्या मतें ह्या चित्रांचा खरा गुण तोच होय.

उभ्या माणसाला टिलवा दिसतो कसा ? चिखलावरचा एक तपकिरी ठिपका. आणि तो तसा दिसावा अशीच निसर्गाची योजना आहे. वरून झडप घालणाऱ्या ससाण्याला चिखल आणि पाठ ह्यांत फरक कळूं नये म्हणून ती पाठ तशी रंगली आहे. उभे राहून आपण ससाण्याच्याच बाजूनें पाहत असतों आणि ससाण्यासारखेच फसतों. तोच डोळा खालीं आणा. पांढरें शुभ्र पोट, काळ्या काडीसारखे पाय, चोंचीला लागलेला ओला चिखल, सारें एकदम उघडें होतें. पाखराला तोंड येतें. तें आपल्याकडे पाहतें.

ह्याची प्रचीति घ्यावी म्हणून आम्हीं स्वतः एके दिवशीं सकाळीं, आमच्या वयाला आणि पोटाला न शोभणारी ती साधना करून पाहिली. चष्म्यावर चिखल उडाला आणि उठतांना विद्यार्थ्याला आमचा हात धरावा लागला, हें कबूल करणें प्राप्त आहे. परंतु दहा मिनिटें निश्चल पडून राहिल्यावर एक टिलवा टिपत टिपत आमच्यापासून चार हातांवर आला. इतक्या वर्षांत कोणा जिवानें आमची अशी पूर्ण उपेक्षा केली नव्हती, आणि त्या उपेक्षेनें आम्हांला मोठा आनंद झाला.

येथवर स्तुति. आतां तक्रार.

चाळीसपैकीं एकोणचाळीस चित्रांत पाखराच्या मागें कांहींहि नाहीं. म्हणजे एक रेशमी धुकें आहे. कोठें सोनेरी, कोठें निळसर. ह्याचें कारण साधें भूमितीचें आहे. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून ५ फूट आणि पाखरूं २० फुटांवर आहे असें धरा. पाखराच्या डोळ्यावरून, म्हणजे सुमारें ३ इंचांवरून गेलेली आपली दृष्टिरेषा त्याच्या मागें एका फुटावरच चिखलाला भिडते. कॅमेरा ६ इंचांवर आणला कीं तीच रेषा २० फूट मागें जाते. आणि तो ३ इंचांवरच ठेवला म्हणजे ती जमिनीला कोठेंच न भिडतां सरळ पैलतीरापर्यंत पोंचते. लांब पल्ल्याच्या भिंगाला दोनचार बोटांपलीकडचें कांहीं स्पष्ट धरतां येत नाहीं. तेव्हां खालून पाहिलें कीं मागचें जग विरघळतें. ह्या विरघळण्यालाच आज सौंदर्य मानण्याची चाल पडली आहे. जी गोष्ट भिंगाची उणीव म्हणून सोसावयाची ती गुण म्हणून मिरविली जाते.

परिणाम असा कीं, हा टिलवा भिवंडीचा आहे, गुजरातचा आहे कीं आफ्रिकेचा आहे, हें चित्रावरून सांगतां येत नाहीं. आमच्या खाडीला तर मागें पुष्कळ कांहीं आहे : तिवरें आहेत, काल्हेर-कशेळीकडचीं गुदामांचीं छपरें आहेत, आणि रात्रींतून वाढणारे भरावाचे ढीग आहेत. खाडीकांठचीं तिवरें तोडणें हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें. किनारा-संरक्षणाच्या नियमांत चिखलाच्या पट्ट्यांचीहि नोंद आहे. परंतु लोकांच्या मनांत चिखल म्हणजे अद्यापि पडीक जागाच. पाखराचें अन्न ज्यांत आहे तो चिखल आणि त्यावर चालून येणारा भराव, हीं दोन्ही एकाच धुक्यांत गडप करणारें चित्र सुंदर असेल. तें पुरें मात्र नाहीं.

खालून पाहावयाचें आणि मागचें जगहि राखावयाचें हें अशक्य आहे काय ? ऑडुबॉननें अमेरिकेच्या पक्ष्यांवरील आपल्या चित्रग्रंथांत लांब वाकड्या चोंचीच्या कर्ल्यूंचें एक चित्र दिलें आहे. दोन पक्षी अगदीं पुढें, मोठे, जणूं आपण त्यांच्या शेजारींच बसलों आहों असे. आणि त्यांच्या मागें, पाण्यापलीकडे, क्षितिजाच्या रेषेवर चार्ल्स्टन शहर. तें शहर त्याच्या जॉर्ज लेमन नांवाच्या साहाय्यकानें रंगविलें. शहर लहान आहे, पण पुसलेलें नाहीं. पक्ष्याचा मोठेपणा शहर राखूनहि साधतो, नव्हे, शहर असल्यामुळेंच तो कळतो. कुंचल्याला भिंगाची अडचण नसते हें खरें. तरी दृष्टीचा प्रश्न उरतोच.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भरतीच्या वेळीं चिखल बुडाला कीं हीं पाखरें उरलेल्या उंचवट्यावर दाटीनें विसांवतात, आणि छायाचित्रकाराला तीच वेळ सोयीची वाटते. मार्च-एप्रिलांत त्यांना परतीच्या प्रवासासाठीं अंगावर चरबी सांठवावयाची असते. तेव्हां प्रत्येक उडविलें जाणें हा त्या शिधोरींतून गेलेला घांस होय. सरपटणारा माणूस कमी भिववितो, पण भिववितोच. आमच्या विद्यार्थ्याच्या दोन चित्रांत पंख अर्धे उघडलेले आहेत. त्यानें तीं 'चैतन्याचीं' म्हणून पुढें मांडलीं होतीं. आम्हांला त्यांत घाबरलेलें पाखरूं दिसलें, आणि तसें आम्हीं त्याला सांगितलें.

मागच्या धुक्याविषयीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, "सर, गुदाम आलें कीं चित्र बिघडतें."

चाळिसावें चित्र त्यानें गठ्ठ्याच्या तळाशीं ठेवलें होतें. टिलवा फारच जवळ आला, मोठें भिंग त्याला धरीना, म्हणून घाईनें लहान भिंगाचा दुसरा कॅमेरा उचलून काढलेलें तें होतें. त्यांत पाखरूं चिखलांत चोंच खुपसून उभें आहे. त्याच्या पाठीवरून पलीकडे तिवरांची एक विरळ रांग, तिच्यामागें निळीं पत्र्याचीं छपरें, आणि डाव्या बाजूला विटा-मातीचा ढीग. ढिगाचा पायथा आणि पाखराचे पाय एकाच ओल्या चिखलांत आहेत. आम्हीं तें मागून घेतलें. पाठीमागें त्यानें पेन्सिलीनें लिहिलें होतें : 'बाद. मागचें सगळें आलें.'