सफारीत पायी कोण चालते?

मराठीत एका पिढीसाठी ‘सफारी’ म्हणजे कपडा होता. साहेब, कंत्राटदार, पुढाऱ्याचा अंगरक्षक यांच्या अंगावरचा, एकाच कापडातून शिवलेला अर्ध्या बाह्यांचा जोड. पुढे ताडोबाच्या प्रवेशद्वाराशी जिप्सी उभ्या राहू लागल्या आणि तोच शब्द वाघ पाहण्याच्या फेरीला लागला. शब्द मूळचा स्वाहिली. स्वाहिलीने तो अरबी ‘सफर’वरून घेतला आणि आपल्याकडची ‘सफर’ही त्याच मुळातून, फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने आली. स्वाहिलीत सफारी म्हणजे कोणताही प्रवास. बसने आजोळी जाणे ही सफारीच, आणि निघणाऱ्याला ‘सफारी न्जेमा’ म्हणून निरोप देतात. इंग्रजीने एकोणिसाव्या शतकात हा शब्द उचलला तेव्हा त्याला बंदूक जोडली गेली, नंतर कॅमेरा. या देवघेवीत प्रवास करणारा आफ्रिकी माणूस शब्दातून गळाला. म्हणून सफारीविषयीचे कोणतेही लेखन वाचताना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो: यात पायी कोण चालते, आणि त्याला नाव आहे का?

भारतीय वाचकाने हा प्रश्न जे. एच. पॅटरसनच्या ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ (१९०७) या पुस्तकापासून विचारायला हवा, कारण त्यात आपण आहोत. युगांडा रेल्वेच्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी त्यांच्या छावण्यांवर महिनोन्‌महिने हल्ले केले. पॅटरसन मृतांचा हिशेब देतो तो असा: अठ्ठावीस भारतीय मजूर, शिवाय कितीतरी आफ्रिकी लोक, ज्यांची अधिकृत नोंदच ठेवली गेली नाही. वर्णसत्तेची उतरंड या एका हिशेबात पूर्ण दिसते. भारतीय आकड्यापर्यंत पोचला, आफ्रिकी तिथवरही पोचला नाही. उंगनसिंग जमादारासारखे एखादेच नाव हाती लागते. मजुरांनी रुळांवर आडवे पडून गाडी थांबवली आणि तीत बसून ते निघून गेले, हा प्रसंग लेखक भेकडपणाच्या सुरात सांगतो. आज तो वाचताना कामगारांनी एकजुटीने घेतलेला शहाणा निर्णय वाटतो.

याच पुस्तकाच्या शेवटी एक विलक्षण गोष्ट आहे. सिंह मारले गेल्यावर मजुरांनी पॅटरसनला चांदीचे पात्र भेट दिले आणि त्यासोबत रोशन मिस्त्री नावाच्या झेलम जिल्ह्यातल्या कारागिराने हिंदुस्थानीत रचलेले एक दीर्घ काव्य. पॅटरसनने त्याचा इंग्रजी अनुवाद परिशिष्टात छापला. मूळ काव्य मात्र पुस्तकात नाही. ज्यांच्या अंगावर सिंह आले त्यांच्यातला एकजण स्वतःच्या भाषेत बोलला आणि त्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचते ते साहेबाच्या भाषांतरातून, तेही परिशिष्टात. सिंहांच्या कातड्यांची नोंद अधिक नीट राहिली. आधी पॅटरसनच्या घरी गालिचे म्हणून अंथरलेली ती कातडी १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली. आजही ते सिंह तिथे काचेआड उभे आहेत.

पुढची परंपरा परिचित आहे. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये डुकराच्या कातड्यात बांधलेल्या पुस्तकांचा छोटा संग्रह घेऊन शिकारीला गेले. तो संग्रह वाहून नेणारे हमाल होते. हेमिंग्वेच्या ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’मध्ये (१९३५) वाटाडे अधिक ठळक होतात आणि एम्कोलाशी असलेल्या नात्यात खरी ऊब आहे. पण एका वाटाड्याला तो ‘गॅरिक’ म्हणतो, त्याचे वागणे नाटकी म्हणून एका इंग्रज नटाचे नाव. स्वतःच्या नावाने तो माणूस पुस्तकात येतच नाही. कॅरन ब्लिक्सेनच्या ‘आउट ऑफ आफ्रिका’त (१९३७) फाराह आणि कमांते ही जिवंत माणसे आहेत, तरी जमीन कोणाची हा प्रश्न त्या सुंदर गद्याखाली मुरून जातो. केनियाचे लेखक बिन्यावांगा वैनैना यांनी २००५ मध्ये ‘ग्रँटा’तल्या उपहासलेखात या साऱ्या सवयींची यादीच केली. आफ्रिकेवर लिहिताना प्राण्यांना व्यक्तिमत्त्व द्यावे आणि माणसांना पार्श्वभूमीला ठेवावे, असा उलटा उपदेश त्यात आहे.

उपहासाने जुनी सवय उघडी पडते. तिच्या जागी काय लिहायचे, हे नदीन गॉर्डिमर यांच्या ‘द अल्टिमेट सफारी’ या कथेत दिसते. कथा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली, नंतर ‘जंप’ (१९९१) या संग्रहात आली. आरंभी लंडनच्या एका वृत्तपत्रातली सहलीची जाहिरात आहे: आफ्रिका जाणणाऱ्या वाटाड्यांसोबत साहसाला चला. तिच्याखाली बोलू लागते मोझांबिकमधली एक लहान मुलगी. गावावर बंडखोरांचे छापे पडताहेत. वडील लढाईवर गेले ते परतलेले नाहीत, आई दुकानात जाते म्हणून गेली ती आलीच नाही. आजी-आजोबा मुलांना घेऊन निघतात. पलीकडच्या देशात जायचे तर मध्ये क्रूगर पार्क आहे. मुलीला ते ठाऊक आहे, कारण तिच्याकडचे पुरुष तिथे कामाला जात, गोरे लोक प्राणी पाहायला येऊन राहतात त्या जागी.

म्हणजे हीही सफारीच, आणि तिलाही वाटाड्या आहे. जाहिरातीतला वाटाड्या प्राणी दाखवतो. हा माणसांना दिसेनासे व्हायला शिकवतो: रस्ते टाळा, तंबू टाळा, प्राण्यांमधून प्राण्यांसारखे चला. जनावरे दिवसभर चरताहेत आणि या माणसांना बबून खातात तशी सुकी फळे वेचावी लागतात. पर्यटकांच्या शेगडीवरच्या मांसाचा वास येतो, पण मागायला जाता येत नाही. पार्कातले काळे नोकर मदत करतील तर त्यांची नोकरी जाईल. त्यांच्या नजरेस आपण पडलोच तर त्यांना फक्त प्राणी दिसले असे दाखवावे लागेल, हे मुलगी कसलाही सूर न चढवता सांगून जाते. सगळी सफारी-परंपरा या एका वाक्यात उलटी होते. दुसरीकडे पाहणाऱ्याला माणूस दिसत नव्हता. इथे माणूस दिसला तरी त्याला प्राणी मानणे हीच त्याच्यावरची दया आहे.

मग आजोबा उंच गवतात आडोशाला जातात आणि परत येत नाहीत. थोडी वाट पाहून बाकीचे पुढे निघतात. सिंहाने नेले की वाट चुकली, कथा सांगत नाही. शिकारकथेत हा प्रसंग उत्कर्षबिंदू झाला असता. गॉर्डिमर यांनी तिथून चालणे तेवढे पुढे नेले आहे.

पलीकडे पोचल्यावरचा भाग बहुभाषिक वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावा. तिथल्या गावकऱ्यांची भाषा या निर्वासितांचीच निघते, म्हणून ते त्यांना राहू देतात. पूर्वी हे कुंपण नव्हते, पार्क नव्हते, आम्ही एकाच राजाची माणसे होतो, असे मुलीला कळते. अभयारण्याची जमीन रिकामी होती हा समज इथे भाषेच्या पुराव्याने मोडतो. इतिहासातही त्याला आधार आहे: क्रूगरच्या उत्तर टोकाच्या पाफुरी भागातून माकुलेके लोकांना १९६९ मध्ये हुसकावले होते आणि १९९८ मध्ये त्या जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला.

कथेवर आक्षेप घेता येतो. गोऱ्या, नामवंत लेखिकेने निर्वासित मुलीचा ‘मी’ उसना घ्यावा का? मुलीची भाषा इंग्रजीत येते तेव्हा तिच्यातही रोशन मिस्त्रीच्या काव्यासारखे काही हरवतेच. पण हरवल्याची जाणीव कथेला आहे. शेवटी छावणीत चित्रीकरण करणारे लोक येतात, आजीला घरी परतण्याविषयी विचारतात आणि तिच्याकडून मोजक्या शब्दांचा नकार घेऊन जातात. बाहेरून येऊन विचारणाऱ्यांत लेखिकेने स्वतःलाही धरले आहे, असे माझे वाचन आहे.

या कथेशेजारी अब्दुलरझाक गुर्नाह यांची ‘पॅराडाइज’ (१९९४) ठेवली की सफारीचा मूळ अर्थ पुरा होतो. बापाच्या कर्जापोटी गहाण पडलेला युसुफ व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर किनाऱ्यावरून आत आत जातो. तांड्यात हमाल आहेत, मुकादम आहे, आजार आहेत, देणीघेणी आहेत. जंगल कुणाच्या करमणुकीसाठी नाही. मात्र तांडा निर्दोषही नाही, माणूस गहाण ठेवणारी व्यवस्था तोच चालवतो. मोईझ वासनजी यांच्या ‘द इन-बिट्वीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल’मध्ये (२००३) रेल्वेसाठी आलेल्या मजुराचा नातू निवेदक आहे. पॅटरसनच्या हिशेबातला आकडा तिथे कुटुंब होऊन येतो, सत्तेत वाटेकरी होतो आणि डागाळतोही.

आज आपण जीपमध्ये बसलो आहोत. मसाई मारा आणि सेरेंगेटीची वर्णने दिवाळी अंकांच्या वाचकाला नवी नाहीत. ‘बिग फाइव्ह’ पूर्ण झाल्याचे समाधान त्यांत असते, पण पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे म्हणून शिकाऱ्यांनीच ही पाच जनावरे निवडली होती, हे विसरलेले असते. सिंहिणीला दोन पाने मिळतात, चालकाला ‘आमचा हसतमुख ड्रायव्हर’ एवढेच. ज्यांचे पूर्वज परिशिष्टात राहिले त्यांनी दुसऱ्याला परिशिष्टातही जागा देऊ नये, हे वाचताना खटकते. चालकाचे नाव, त्याचे गाव, त्याच्या जमिनीवरून कुंपण गेले का, हे विचारायला वेगळी प्रतिभा लागत नाही.

गॉर्डिमर यांची कथा मराठीत आणताना शीर्षकापाशीच अडायला होते. ‘अल्टिमेट’मध्ये सर्वोत्तम आणि शेवटची हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी ‘अंतिम’मध्ये पहिला अर्थ उतरत नाही. ‘सफारी’ ठेवावे तर जाहिरातीची चकाकी राहते आणि चालणे हरवते. ‘सफर’ म्हणावे तर चकाकी जाते, पण शब्द स्वाहिलीच्या अर्थाजवळ पोचतो. मी ‘सफर’ निवडेन. आजोबा गवतात गेले ती वाट त्या शब्दात अधिक खरी वाटते.