बोटभर सैनिकांची कला कुठे अडली?

हिंगोली जिल्ह्यातल्या घरांत लहान मूर्तींचा संसार काही नवा नाही. पोळ्याला देवघरापुढे मातीचे बैल येतात. महालक्ष्म्यांच्या आराशीत बाहुल्यांचं अख्खं गाव उभं राहतं. पुणे-साताऱ्याकडे जुनी असलेली दिवाळीच्या किल्ल्याची प्रथाही आता मराठवाड्यात दिसते. या तिन्हींच्या शेजारी एक चौथा, दूरदेशीचा प्रकार ठेवून पाहायला हवा: टेबलावर फौजा मांडून खेळायच्या युद्धखेळांतले बोटभर उंचीचे सैनिक. खेळणारे त्यांना नुसतं ‘मिनी’ म्हणतात. हे सैनिक ते जमवतात, कापून-जोडून बदलतात आणि स्वतः रंगवतात. चारही प्रकार एका रांगेत ठेवले की आपल्याकडची ही कला नेमकी कुठे अडली आहे, ते लक्षात येतं.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगून टाकू. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि खेळण्यातलं सैन्य मध्यमवर्गीय मुलांच्या हाती आलं. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून या सैनिकांना नियम दिले. गेम्स वर्कशॉप ही इंग्लंडमधली कंपनी १९७५ ची. तिचा ‘वॉरहॅमर’ १९८३ मध्ये आला, आणि भविष्यातल्या युद्धांवरचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ मध्ये. आज बाजारावर याच घराण्याची छाप आहे. सैनिक साधारण २८ ते ३२ मिलिमीटरचे. प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोकी सुटी येतात. ती कापायची, घासायची, चिकटवायची आणि मग रंगवायची.

या रंगकामाची शिस्त पाहण्यासारखी आहे. आधी प्रायमरचा पातळ हात, म्हणजे रंग धरतो. मग प्रत्येक भागाला मूळ रंग. त्यावर पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडला की तो चुण्यांत, बोटांच्या फटींत, दाढीच्या केसांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी ब्रशवरचा रंग कागदावर पुसून तो जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कपड्याची कड, ढालीचा काठ, नाकाचा शेंडा उजळून निघतो. खऱ्या उजेडाला एवढ्याशा वस्तूवर पुरेशी सावली पाडता येत नाही, म्हणून ती रंगाने पाडावी लागते. सगळं तंत्र या एका गरजेतून आलेलं आहे.

आता दिवाळीचा मावळा हातात घ्या. दोन भागांच्या साच्यातून काढलेलं प्लास्टर, मध्ये जोडाची रेघ तशीच, गुलाबी चेहरा, मिशीचा एक फटकारा, डोळ्यांचे दोन ठिपके. हंगामात ढिगाने रंगवायच्या मालाकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्याय होईल, आणि सराईत हाताने मारलेल्या त्या एका फटकाऱ्यात ऐटही असते. पण दोष फटकाऱ्याचा नाहीच. तटबंदीपेक्षा उंच मावळा, तोफेपेक्षा मोठा वाघ आणि बुरुजावर बंदूक धरून उभा असलेला विसाव्या शतकातला गणवेशधारी शिपाई एकाच किल्ल्यावर सुखाने नांदतात. गंमत अशी की किल्ले मात्र सुधारले आहेत. दुर्गप्रेमी मुलं आता माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा मोजूनमापून करतात. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे हा अभ्यास आणखी वाढेल. किल्ला अभ्यासाचा आणि त्यावरची माणसं कॅलेंडरवरची, अशी सध्याची अवस्था आहे.

पोळ्याचा बैल याच्या अगदी उलट. त्यात तपशील जवळजवळ नाही. पण चिमटीने वर काढलेलं वशिंड, किंचित खाली घातलेली मान आणि रोवलेले पाय पाहिले की तो बैलच असतो, दुसरं काही नाही. लाल कंधारी आणि देवणी जनावरं ज्या मुलखात दावणीला असतात, तिथल्या हाताला बैल शिकवावा लागत नाही. कुंभाराने बैल जन्मभर पाहिलेला असतो, मावळा पाहिलेला नसतो. माझ्या मते या चार प्रकारांत शिल्प म्हणून पोळ्याचा बैल पहिला आहे. युद्धखेळांचे सैनिक तंत्रात सर्वांत पुढे आहेत, पण बहुतेकांची गोष्ट उसनी: परग्रहावरचे योद्धे, युरोपातल्या दंतकथांचे राक्षस.

मग पाहिलेलं नाही ते कसं घडवायचं? अभ्यासाने आणि फेरबदलाने. तयार मूर्ती कापून तिची दुसरी मूर्ती करणं हा या छंदाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच दुबळा आहे. हिंगोलीला तर यासाठी विषयांची वाण नाही. १८१९ च्या जानेवारीत नोवसाजी नाईकांच्या हटकरांनी, म्हणजे धनगरांतल्या लढवय्यांनी, आणि त्यांच्या अरब शिबंदीने नोव्ह्याची गढी मेजर पिटमनच्या निजामी फौजेविरुद्ध लढवली. जिंकणाऱ्या पलटणींच्या निशाणावर ‘नोवा’ हा युद्धसन्मान चढला. हरणाऱ्यांची बोटभर मूर्तीसुद्धा कुठल्या दुकानात मिळत नाही. त्याच सालापासून १९०३ पर्यंत हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. तिच्या घोडदळाचा गणवेश गडद हिरवा होता आणि त्याचा वारसा भारतीय सैन्यातल्या डेक्कन हॉर्सपर्यंत येतो. रंगवणाऱ्याला याहून चांगला ऐवज कुठे मिळणार?

हटकर शिपाई करायला महागडी पुट्टीही लागत नाही. नळ गळला की घरात येते ती एम-सील पुरते. दोन्ही रंगांच्या कांड्या सारख्या मळायच्या. काचेवर पावडर टाकून एक गोळा पातळ लाटायचा, तिरका कापायचा आणि सैनिकाच्या खांद्यावरून सोडायचा: घोंगडी झाली. दुसऱ्याची शेवईसारखी बारीक वळी काढून डोक्याभोवती गुंडाळायची आणि पाण्यात बुडवलेल्या सुईने पीळ दाखवायचा: फेटा झाला. घट्ट होण्याआधी हे उरकावं लागतं, म्हणून घोंगडी कोणत्या खांद्यावर, ढाल कुठे, हे आधीच ठरलेलं हवं. हात असा अभ्यासाला भाग पाडतो. संग्रहालयातली शस्त्रं, जुनी चित्रं, गावातल्या म्हाताऱ्यांची घोंगडी पांघरायची ढब, सगळं बघावं लागतं.

जमवण्याचा भाग मात्र आज फाजील वाढला आहे. एकेक खोकं काही हजारांचं, आणि जगभरचे छंदी न रंगवलेल्या सैनिकांच्या ढिगाबद्दल स्वतःचीच चेष्टा करतात. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरने ढीग आणखी सोपा केला: फाइल घ्या, रात्रीत पलटण तयार. या यंत्राने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी सैल केली, हे चांगलंच झालं. मराठी घोडेस्वार किंवा हटकर शिपाई संगणकावर घडवून कोणीही छापू शकेल. पण यंत्र तेच छापतं, जे कोणीतरी आधी नीट पाहून घडवलेलं असतं. कॅलेंडरवरचा मावळा रेझिनमध्ये उतरला तर तो गुळगुळीत होईल, खरा होणार नाही.

तेव्हा मूर्ती स्वस्त झाल्या, रंग सुधारले, साधनं हाताशी आली. अडलं आहे ते पाहणं आणि बदलणं. किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या शाळांना आणि मंडळांना एकच विनंती: गुणपत्रिकेत किल्ल्यासोबत मूर्तींसाठीही वेगळे गुण ठेवा. सगळ्या मूर्ती एका मापाच्या आहेत का, त्या त्या काळाच्या आहेत का, आणि त्यातली निदान एक मुलांनी स्वतःच्या हाताने बदललेली आहे का, एवढं तपासा. बाजारातल्या पन्नास मावळ्यांपेक्षा एम-सीलची घोंगडी पांघरलेला एक वेडावाकडा हटकर या कलेला जास्त पुढे नेईल.