लक्ष्मी नंतर, आधी हत्ती पाहा

आजीच्या देवघरातली लक्ष्मीची जुनी तसबीर आठवा. कमळ आठवेल, साडीचे काठ आठवतील. हत्ती कुठे होता, सांगता येईल? मलाही येत नव्हतं, आणि माझ्या पीएचडीचा विषयच छापील देवचित्रं आहे! म्हणून आज राजा रविवर्म्याची लक्ष्मी हत्तीच्या बाजूने वाचू या.

आधी थोडी पार्श्वभूमी. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला. पुढे फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं. देवादिकांच्या चित्रांबरोबर इथे मालाची लेबलंही छापली जात. म्हणजे देवघर आणि दुकान, दोन्हींचा कागद एकाच यंत्रातून निघत होता.

आता चित्राकडे. आपल्या शिल्पांतली गजलक्ष्मी आठवा: दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडेत घट, देवीवर अभिषेक. हे हत्ती म्हणजे पावसाचे ढग, असा अर्थ अभ्यासक लावतात. पाऊस आला की पीक, पीक आलं की लक्ष्मी. रविवर्म्याने काय केलं? एकच हत्ती ठेवला, एका बाजूला सारला आणि सोंडेत घटाऐवजी हार दिला. हत्ती पाऊस पाडणारा राहिला नाही, भक्त झाला. तसबिरीला हार घालणारे आपण जे करतो, तेच तो करतो.

मला हा बदल देखणा वाटतो, पण फुकटचा वाटत नाही. मावळात भातखाचरांच्या शेजारी छापलेल्या लक्ष्मीतून नेमका पाऊस गेला. उरली ती कुठल्याही दुकानात, कुठल्याही मालावर शोभेल अशी समृद्धी. चित्र जाहिरातीत इतकं सहज सरकलं, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

तुमच्याकडे अशी प्रत असेल तर भिंग घ्या आणि हत्तीची कातडी पाहा. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे, आणि करडी छटा कारागिराने हाताने काढलेल्या लहानमोठ्या ठिपक्यांतून येई. ठिपके सारख्या अंतरावर, जाळीसारखे ओळीत दिसले, तर प्रत नंतरच्या हाफटोन छपाईची समजा. भरजरी साडीत हा फरक चटकन कळत नाही, हत्तीच्या अंगावर कळतो.

आता माझी चूक. सुरुवातीला स्कॅन करताना मी चित्राखालची दुकानाच्या नावाची पट्टी कापून टाकायचे. ‘मूळ कलाकृती’ हवी होती ना! गाइडनी विचारलं, “मग हे चित्र कोणाच्या भिंतीवर होतं, ते कसं कळणार?” उत्तर नव्हतं. ऐंशी-एक स्कॅन पुन्हा केले. संग्राहकही फ्रेमच्या मापासाठी कडा छाटतात, आणि त्याबरोबर छापखान्याचं नाव, दुकान, गाव, साल सगळं जातं.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. आता पुरावा उरलाय तो घराघरांतल्या कागदांवर. दिवाळीच्या साफसफाईत अशी तसबीर हाती लागली, तर काच पुसा, पण कडा कापू नका. आणि आधी हत्ती शोधा.