हरलेलं सैन्य कुठे जातं?

एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले. टेबलावरचा सुटा डाव आजही तसाच असतो. डाव संपला की सगळे मेलेले पुन्हा डब्यात. त्यामुळे शेवटच्या फेरीत उरलेली पलटण बिनधास्त झोकून देता येते. उद्या नसतोच.

मोहिमेच्या खेळात उद्या असतो. आजचे मेलेले उद्याच्या सैन्यातून वजा होतात. नकाशावर आज जिथे थांबलात, तिथूनच पुढची लढाई.

१८१५ची मोहीम घ्या. १६ जूनला लिन्यीत नेपोलियनने ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याला हरवलं. सुट्या डावात फ्रेंच जिंकले, विषय संपला. पण ते हरलेलं सैन्य उत्तरेला वाव्रकडे हटलं आणि १८ तारखेला वॉटर्लूत वेलिंग्टनच्या मदतीला आलं. १६ तारखेलाच देर्लाँची सुमारे २०,००० माणसं लिन्यी आणि कात्र ब्रा या दोन लढायांमध्ये येरझाऱ्या घालत राहिली, दोन्हीकडे उपयोगी पडली नाहीत. हा घोळ एका टेबलावर मांडताच येत नाही, तो दोन टेबलांमधल्या रस्त्यावर घडतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मोहिमेत आपण पलटण वाचवतो, ती परवा लागणार म्हणून. शेवटच्या लढाईत परवा उरत नाही, आणि आपण पुन्हा वेल्सच्याच डावात येतो. माणूस जपायला दुसरं कारण हा खेळ देत नाही. तरी वेळेवर माघार घेणं हीसुद्धा चाल असते, हे तो नीट शिकवतो. सुटा डाव तेवढंही शिकवत नाही.