भिडूची पद्धत

ब्रिज खेळणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःची बोलीपद्धत काढायचा झटका येतो. गोवरासारखा तो एकदा येऊन गेलेला बरा. आमच्या डोंबिवलीच्या भिडूला तो १९८२ च्या पावसाळ्यात आला. त्याने दोनशेपानी वही भरली आणि "परखड मत दे" म्हणून माझ्या हातात ठेवली. परखड मत द्यायला मला चाळीस वर्षं लागली. आज देतो.

आधी विषय. बावन्न पानांतली तेरा आपल्या हातात येतात, ती ६३,५०१ कोटींहून अधिक तऱ्हांनी येऊ शकतात. समोरच्या भिडूला ती सांगायला शब्द किती? एक किलवरपासून सात नोट्रम्पपर्यंत ३५ बोली. पास, डबल, रिडबल धरून ३८. एवढ्या तुटपुंज्या शब्दांत संसार करायचा, म्हणजे शब्दांचे अर्थ आधीच ठरवून घ्यावे लागतात.

भिडूने सगळ्यात स्वस्त बोलीला सगळ्यात भारी अर्थ दिला. 'एक किलवर' म्हणजे "माझ्याकडे १६ किंवा जास्त पॉइंट आहेत, किलवर असोत, नसोत." (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १.) कल्पना चांगली. खालून सुरुवात केली की वर बोलायला जागा राहते. फक्त ती भिडूची नव्हे. ज्या हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली बोटीच्या प्रवासात या खेळाची गुणपद्धत बसवली, त्यानेच १९२९ साली ती पुस्तकात छापली होती. पुढे सी. सी. वेई यांच्या 'प्रिसिजन' पद्धतीवर खेळून तैवानचा संघ १९६९ साली जागतिक उपविजेता झाला. हे सांगितल्यावर भिडू म्हणाला, "म्हणजे मी योग्य मार्गावर आहे!"

व्हँडरबिल्टला बोट होती, आम्हाला फास्ट लोकल. चार जणांच्या मांड्या, त्यावर एक ब्रीफकेस. बोलीचा अर्थ विचारायचा हक्क प्रतिस्पर्ध्यांना असतोच. कल्याणहून खिडकी धरून आलेले आमचे प्रतिस्पर्धी तो हक्क बोलीगणिक बजावीत. "म्हणजे काय हो?" की भिडूने वही उघडून पान शोधायचं. डोंबिवलीला सुरू झालेली बोली ठाणं आलं तरी संपायची नाही. मग ठाण्याला चढलेली मंडळी उभ्याउभ्या सल्ले द्यायची.

एकदा मला चक्क २१ पॉइंट आले. किलवर दोनच. मी छाती काढून म्हटलं, "एक किलवर." भिडू म्हणाला, "पास." तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, तोंड लपवायची सोय झाली. "अर्थ काल रात्री बदललाय," भिडू कुजबुजला. "आता तो दुबळा हात."

माझा खरा आक्षेप मात्र निराळाच. डावात पॉइंट एकूण ४०, म्हणजे माणशी सरासरी १०. सोळाचा हात दहांत एखाद्या वेळी येणार. वहीची दीडशे पानं त्या एका हातासाठी! आठ-दहा पॉइंटांच्या, रोज येणाऱ्या हाताला अर्धं पान, आणि त्यावर एकच शब्द, "पास". आम्ही दोघे कारकून. पगार, जागा, गाडीतली चौथी सीट, सगळं आठ-दहा पॉइंटांचंच. आमच्याच हातांना आमच्या वहीत जागा नव्हती.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत साठ वर्षांच्या प्रणव बर्धन यांनी शिबनाथ सरकार यांच्या जोडीने ब्रिजचं सुवर्णपदक आणलं. बातमी वाचताना हात फोनकडे गेला आणि मग आठवलं, भिडू आता नाही.

परवा वही काढली आणि पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत पोचलो. तिथे लाल शाईत एकच नियम होता. "भिडू चुकला तर गाडीत बोलू नये. उतरल्यावरही बोलू नये." बाकी सगळे नियम त्याने रातोरात बदलले. हा एक कधी बदलला नाही आणि मोडलाही नाही.

त्या दिवशी मी मात्र बोगदा संपल्यापासून दादरपर्यंत त्याला बोलत होतो.